भजीच्या पद्धतीने रिंग्ज होत नाहीत, ताई

ताई, माझ्या ऑनियन रिंग्जच्या, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या कांद्याच्या कड्यांच्या, पाककृतीवरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तिला खाली दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून वेगळं लिहिते आहे.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ताईंनी नातवंडांसाठी रिंग्ज केल्या. आवरण काळपट झालं, रिंग्ज तेलकट लागल्या, पाहुणे येईपर्यंत सगळ्या सादळल्या आणि पहिल्याच घासाला आतला कांदा सुळकन बाहेर येऊन हनुवटीला चिकटला. मैदा नको म्हणून त्यांनी बेसन घेतलं, कांद्याला आधी मीठ चोळून ठेवलं, आणि 'सोडा पोटाला बाधतो म्हणून निम्माच घातला'. वर विचारलंय, 'शेवटी ती भजीच ना? मधे भोक पाडलं म्हणून एवढं कौतुक कशाला?'

आधी या शेवटच्या प्रश्नाचं बघू, कारण बाकीचे घोळ त्यातूनच झालेत.

खेकडा भजी कशी करायची हे मी तुम्हाला सांगावं असं काही नाही. कांदा उभा, पातळ चिरायचा, मीठ लावून हाताने चुरायचा आणि गप्प बसायचं. दहा मिनिटांत कांद्याला पाणी सुटतं. त्याच पाण्यात मावेल तेवढंच बेसन भुरभुरायचं, वरून थेंबभरही पाणी नाही, ओवा, तिखट, चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. तळताना कांद्याचे पाय पिठातून बाहेर येतात, ते करपायच्या बेताला तळले जातात आणि तीच खरी मजा. म्हणजे भज्यात कांद्याचं पाणी आपण मुद्दाम बाहेर काढतो आणि त्यावरच पीठ भिजवतो.

रिंगमध्ये नेमकं उलटं हवं असतं. कांद्यात वजनाच्या जवळजवळ ८९ टक्के पाणी. आवरणाच्या आत हा कांदा वाफेवर शिजायला हवा आणि बाहेरचं कवच कोरडं राहायला हवं. कांदा आणि कवच यांच्या मधे सुटं पाणी आलं की संपलं. मीठ चोळलेली कडी कढईत जाईपर्यंत पाणी सोडतच राहते, त्या पाण्यावर पीठ धरत नाही, आणि तळणीत कांदा वेगळा, कवच वेगळं असा संसार सुरू होतो. तुमच्या हनुवटीला चिकटलेला कांदा हा त्याचाच प्रकार. म्हणून मीठ पिठात घालायचं आणि वरून भुरभुरायचं; कांद्याला नाही.

आता सोडा. पाककृतीत सोडा वॉटर आहे, बाटलीतलं, फ्रिजमधून काढून लगेच ओतायचं. तुमचं 'निम्माच' आणि 'पोटाला बाधतो' वाचून खात्री झाली, की तुम्ही खाण्याचा सोडा घातलात. काळपट रंगाचं बरंचसं उत्तर इथेच मिळतं. खाण्याचा सोडा अल्कधर्मी असतो. त्याने पिठाला तळताना रंग झपाट्याने चढतो, आतला कांदा कच्चा असतानाच बाहेर चॉकलेटी. सोड्याचा हात सैल सुटला तर आवरण जाळीदार होऊन तेलही पितं. त्यात बेसन. बेसनात मैद्याच्या दुपटीच्या आसपास प्रथिनं असतात, त्यामुळे ते मुळातच लवकर तांबूस होतं. दोन्ही एकत्र आल्यावर दुसरं काय होणार?

सोडा वॉटरचं काम वेगळं आहे. मैद्यात पाणी पडलं आणि आपण जोर लावून ढवळलं, की ग्लूटेन तयार होतं आणि आवरण चिवट होतं. पोळीला ते हवं, इथे नको. पाणी थंडगार असलं की ते कमी बनतं, आणि वायूचे बुडबुडे कढईत फुगून आवरण हलकं करतात. म्हणून माझं प्रमाण पाऊण वाटी मैदा, पाव वाटी कॉर्नफ्लोर, दोन चमचे तांदळाचं पीठ असं आहे. कॉर्नफ्लोर आणि तांदूळ या दोन्हींत ग्लूटेन नाही. सोडा वॉटर अंदाजाने, वाटीभराच्या आसपास. पीठ बोटावरून ओघळलं पाहिजे पण बोट दिसता कामा नये. चार-सहा गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, त्या फोडायला जाऊ नका. मैदा नकोच असेल तर तांदळाचं पीठ आणि कॉर्नफ्लोर निम्मंनिम्मं, बांधायला दोन चमचे बेसन. नुसतं बेसन मात्र नाही. त्याला बेसनाची चव येते आणि मग तुमचं म्हणणं खरं ठरतं, ती भोकाची भजीच होतात.

पुढचं जरा निगुतीने वाचा, कारण इथे बहुतेक जण कंटाळा करतात. कांद्याची चकती पाऊण ते एक सेंटिमीटर जाड कापून कड्या सुट्या करा. एक कडी हातात घेऊन आतल्या बाजूला नखाचं टोक लावा आणि हळूच सरकवा. एक पारदर्शक, ओलसर पापुद्रा सुटून बोटाला चिकटेल. इतका पातळ की आधी दिसतच नाही. तो गुळगुळीत असतो, त्यावर पीठ घट्ट बसत नाही. आणि चिवटही असतो, दाताने तुटत नाही, म्हणून पहिल्या घासाला अख्खी कडी ओढली जाते. तो काढायचा. प्रत्येक कडीचा काढायचा म्हणजे वैताग आहे हे मान्य. त्यावर उपाय असा: कड्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. आतल्या पाण्याचा बर्फ होताना पेशींच्या भिंती फाटतात. सकाळी वितळल्यावर कड्या लुळ्या पडलेल्या, दिसायला अगदी दीनवाण्या असतात, पण पापुद्रा चिमटीत धरून ओढला की सहज येतो, आणि कांदा दाताखाली लगेच तुटतो. सुटलेलं पाणी मात्र सुती फडक्यावर नीट टिपायचं. मग कोरड्या कॉर्नफ्लोरमध्ये घोळवायच्या, जास्तीचं झटकायचं आणि त्यानंतरच पिठात बुडवायच्या. कोरड्या पिठाची पायरी गाळू नका, त्यानेच ओलं पीठ धरतं.

तेलकटपणाबद्दल. तुम्ही लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल वापरलंत आणि धूर यायला लागला म्हणून गॅस बारीक ठेवलात, असं लिहिलंय. घाण्याचं तेल फोडणीला उत्तम, पण ते रिफाइंड तेलापेक्षा लवकर धूर सोडतं. रिंग्जना १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तेल लागतं; बारीक गॅसवर ते तेवढं तापत नाही आणि रिंग्ज तेलकट होतात. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाकून बघा: तो अर्ध्यापर्यंत बुडून लगेच वर आला तर ठीक, तळाशी बसून राहिला तर थांबा. एका वेळी चार-पाचच सोडा, नाहीतर तेल थंड पडतं. पहिल्यांदा कढईत जो चरचराट होतो तो कांद्यातली वाफ बाहेर पडण्याचा असतो. बुडबुडे मंदावले, आवाज खाली आला की कवच कोरडं झालं. रंगापेक्षा या आवाजावर माझा जास्त भरवसा असतो.

आणखी एक. तेल सगळं कढईतच शिरतं असं नाही. तळत असताना वाफ बाहेर ढकलत असते. रिंग बाहेर काढली की आतली वाफ निवते, आत पोकळी होते आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल ती आत ओढून घेते. त्यामुळे झाऱ्यावर घेतल्यावर तिथेच, कढईवरच दोन-तीनदा झटकायचं. ताटात काढून मग टिपू म्हणाल तर उशीर झालेला असतो.

आणि मग ते कॅसरोल! पाहुणे उशिरा येणार म्हणून तुम्ही रिंग्ज कॅसरोलमध्ये झाकून ठेवल्यात. ताई, कॅसरोल पोळ्यांसाठी आहे. पोळी मऊ राहावी म्हणून त्यात वाफ कोंडतात, तीच वाफ रिंगच्या कवचात परत शिरते. यात पाककृतीचा दोष नाही, हे जरा ठासूनच सांगते. जाळीवर, एकीवर एक न ठेवता, उघड्या ठेवायच्या. पाहुण्यांची वेळ नक्की नसेल तर १७० अंशांवर फिक्याच तळून ठेवा आणि ते चपला काढताना तेल १९० पर्यंत तापवून पुन्हा अर्धा मिनिट तळा. पावसाळ्यात तर दुसरा मार्गच नाही. त्या हवेत झाकण न घालताही सादळतात.

कांद्याबद्दल तुम्ही काही म्हटलं नाहीत, पण पावसाळी लाल कांदा असेल तर त्याला पाणी जास्त. उन्हाळी कांदा, चाळीत टिकवलेला, रिंग्जना बरा. मोठा, गच्च, मधे दुभाळलेला नसलेला निवडा. अलिबागचा पांढरा कांदा गोड आहे, २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण माळेतला तो छोटा कांदा इथे वाया घालवू नका, कोशिंबिरीत घाला.

हे अमेरिकन खूळ आहे असंही तुम्ही म्हटलंय. अमेरिकेतल्या ड्राइव्ह-इन खानावळींनी ते घरोघरी नेलं हे खरं, पण लंडनमध्ये १८०२ साली छापलेल्या एका पाकपुस्तकात कांद्याच्या चकत्या मैदा, साय आणि चीजच्या पिठात बुडवून चरबीत तळायला सांगितल्या आहेत. चवीच्या बाबतीत मात्र तुमच्याशी भांडणार नाही. पावसात सिंहगडावर कुणी माझ्यापुढे रिंग्जची बशी धरली तर मीही भजीच मागेन.

एअर फ्रायरचं विचारलंत. या पातळ पिठाला तो चालत नाही, पीठ जाळीतून खाली गळतं. त्यासाठी मैदा, फेटलेलं अंडं किंवा ताक, आणि वरून ब्रेडचा चुरा असं तीन थरांचं करावं लागतं, चुऱ्यावर थोडं तेल शिंपडून. ते वेगळं लिहीन.

उरलेल्या तेलाचं: गार झालं की सुती कापडातून गाळा, कारण तळाशी बसलेला पिठाचा भुगा पुढच्या वेळी जळून कडवट वास देतो. दोन-चार दिवसांत भाज्यांच्या फोडणीत संपवा. फेस यायला लागला, रंग गडद झाला किंवा तेल हाताला चिकट लागलं तर टाकून द्या, पण सिंकमध्ये ओतू नका. जुन्या वर्तमानपत्रात शोषवून कचऱ्यात टाका.