‘दोन चिप म्हणजे दुप्पट कार्ड’ हा हिशोब चुकीचा आहे

यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: ‘जुनं जीटीएक्स ६९० घ्या. एका कार्डात दोन प्रोसेसर, ४ जीबी मेमरी, वेग दुप्पट, साध्या सप्लायवरही चालते.’ जीटीएक्स ६९० म्हणजे एनव्हिडिया कंपनीचं ग्राफिक्स कार्ड, कॉम्प्युटरवर चित्र काढणारं. सोयाबीनचे पैसे हाती आले की पोट्टे हेच शोधत बसतात, म्हणून हे लिहितो आहे.

सगळ्यांत फसवा दावा मेमरीचा. २०१२ च्या या कार्डावर जीके१०४ या दोन चिप आहेत आणि प्रत्येकीला स्वतःची २ जीबी मेमरी. एकीला दुसरीची मेमरी आपली म्हणून वापरता येत नाही, त्यामुळे तोच डेटा दोन्हीकडे ठेवावा लागतो. खोक्यावर ४ छापलं तरी कामाला येतात २. सातबाऱ्याच्या दोन प्रती काढल्या म्हणून शेत वाढत नाही. टायटन झेड या दुसऱ्या दोन-चिपी कार्डाच्या १२ जीबीचंही तसंच, प्रत्येक चिपला ६.

दुप्पट वेग? गेममध्ये एक चिप एक फ्रेम काढते, दुसरी पुढची. पुढच्या फ्रेमला आधीचा डेटा लागला की एकीला थांबावं लागतं. आकडा मोठा दिसतो, पण चित्र अडखळतं. शिवाय ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) त्या गेमचं एसएलआय प्रोफाइल, म्हणजे दोन चिप एकत्र चालवायची सेटिंग, हवी, आणि एनव्हिडियाने २०२१ पासून नवीन प्रोफाइल देणं बंद केलं. सॉफ्टवेअरला दोन चिप वापरता येत नसतील, तर दुसरी नुसती बसून राहते. थ्रीडी रेंडरिंगला मात्र दोघी खरंच कामी येतात, पण सीन २ जीबीत मावला तरच.

‘साधा सप्लाय’, म्हणजे कॉम्प्युटरला वीज देणारा साधा डबा, ही तर घातक गोष्ट. हे कार्ड ३०० वॅटचं आहे. मदरबोर्डवरचा स्लॉट ७५ वॅट देतो, बाकीची वीज दोन आठ-पिनी जोडण्यांतून येते. स्वस्त सप्लायला त्या नसतात, मग अडॅप्टर लावून जुगाड होतो आणि तिथेच वायर वितळते. त्यात पंखा कार्डाच्या मधोमध असल्याने बरीचशी गरम हवा कॅबिनेटमध्येच फिरते. मे महिन्यात, टिनाच्या खोलीत, बाहेर ४५ अंश असताना हे किती टिकेल? लाइन गेल्यावर घरच्या लहान इन्व्हर्टरवर तर हा भार टाकूच नका.

तरी घ्यायचंच असेल, तर पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्याच मशीनवर अर्धा तास लोड द्या. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा आणि खालच्या यादीतून एकेक चिप निवडून दोघींचा लोड नि तापमान बघा. मेमरीच्या रकान्यात २०४८ एमबी दिसेल, भाव त्यावर ठरवा.