आवाजावरून नव्हे, ऐकण्यावरून
नाटकातून आलेला नट मालिकेत त्याच्या चढ्या आवाजावरून लगेच ओळखू येतो, हे एका लेखातील विधान मला मुळीच पटले नाही. ‘हसवाफसवी’ या नाटकात एकट्याने सहा भूमिका साकारणारे आणि प्रत्येकीसाठी चाल व आवाज बदलणारे दिलीप प्रभावळकर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेत आबा म्हणून किती घरगुती, हळुवार स्वरात बोलत, हे आठवून पाहावे. चढा आवाज हा बहुधा दिग्दर्शनाचा दोष असतो. त्याचे खापर रंगभूमीवर फोडणे अन्यायाचे आहे.

मला नाटकातून आलेला नट ओळखू येतो तो त्याच्या ऐकण्यावरून. समोरचा बोलत असताना तो आपल्या वाक्याची वाट पाहत नुसता थांबत नाही, ऐकलेल्या शब्दांनी त्याचा चेहरा बदलत जातो आणि स्वतःच्या लांब वाक्याचा शेवटचा शब्दही तो कधी गिळत नाही.