गार्ड आधी माळ्यावर टाका

अभिनंदन! बेळगावच्या उद्यमबागेत शेड भाड्याने मिळाली, दांडेलीचा साग देणारा ओळखीचा निघाला, शटरवर बोर्डही लागला. बोर्डावर कन्नड 60 टक्के भरतं की नाही, हे तुम्ही टेपने मोजून घेतलंत, तेही दोनदा. आता तो टेप खिशात ठेवा. लाकूड चिरायचं कटर मशीन बसवताना त्याचं काही काम नाही. ब्लेडच्या पुढच्या दातापासून फेन्सपर्यंतचं, म्हणजे फळी जिला टेकवून सरकवायची त्या पट्टीपर्यंतचं, अंतर आणि मागच्या दातापासूनचं अंतर सारखं भरलं पाहिजे, असं मशीनच्या पुस्तकात लिहिलंय खरं. पण मागे एक सूत कमी भरलं, तर फळी अडकेल, एवढंच ना? अडकू दे. बोर्ड मोजायला अधिकारी येतो, फेन्स मोजायला कोण येतंय?

तसं टेबल सॉ, म्हणजे टेबलातून ब्लेड वर आलेलं तयार मशीन, विकत घेणं हे ज्यांना पैसा जड झालाय त्यांचं काम. तुम्ही फरशी कापायचा चार इंची मार्बल कटर आणा, उलटा करा, प्लायला खाच पाडून खालून नटबोल्टने आवळा आणि लाकडाचं ब्लेड चढवा. बटण दाबलेलंच राहील असं चिकटपट्टीने बांधून टाका, म्हणजे मशीन बंद करायची कटकट मिटली. हा कटर मिनिटाला 12,000 च्या आसपास फेरे घेतो. 110 मिलिमीटरच्या ब्लेडचा हिशेब मांडला तर दाताचा वेग ताशी 250 किलोमीटरच्या घरात जातो. म्हणजे बेळगावहून सुटलेला दात अर्ध्या तासात कोल्हापुरात. वाटेत निपाणीला तुमचं बोट आडवं आलं, तर त्यासाठी तो काही थांबत नाही.

तरीही हौसेने मोठं टेबल सॉ घेतलंच, तर खोक्यातून दोन फालतू वस्तू निघतील. एक ब्लेडवर झाकायचा प्लास्टिकचा गार्ड. त्याने रेघ दिसत नाही, शिवाय बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला ब्लेडही दिसत नाही. तो आधी माळ्यावर टाका. दुसरी ब्लेडच्या पाठीमागे उभी राहणारी पोलादी पट्टी. हिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ती ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि चिरेपेक्षा बारीक असते. सागाची असो की फणसाची, फळी चिरताना आतला ताण सुटतो आणि कापलेले दोन भाग मागे पुन्हा एकमेकांना भिडू बघतात. तसं झालं की ते ब्लेडला आवळतात, आणि खालून वर येणारे मागचे दात फळी उचलून सरळ तुमच्या अंगावर फेकतात. हा किकबॅक. पट्टी मध्ये असली की चीर मिटत नाही. पण मुळात एक असलेल्या दोन भागांना जवळ यावंसं वाटत असेल, तर मध्ये पाचर मारणारे आपण कोण? 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून आपल्याला एका पाचरीचा पुरेसा अनुभव आहे. पट्टीही माळ्यावर.

उभं राहायचं ते बरोबर ब्लेडच्या रेषेत, पोट टेबलाला टेकवून. जरा बाजूला उभं राहावं म्हणतात, पण तिथून मोबाईलचा स्क्रीन नीट दिसत नाही. ब्लेड पूर्ण वर काढा. फळीच्या वर जेमतेम दाताएवढंच दिसावं, हा कंजूष माणसांचा नियम आहे. आपण ब्लेडचे पूर्ण पैसे मोजलेत. अरुंद पट्टी ढकलायला काठी वापरायची असते, आणि ती भंगारातल्या तुकड्यातून फुकट होते. फुकटच्या वस्तूवर विश्वास ठेवू नये, म्हणून बोटांनीच ढकला. सुरक्षेची फारच हौस असेल तर हातमोजे घाला. फिरत्या दातात बोट गेलं तर बोटच जातं. हातमोजा अडकला की तो मागचा अख्खा हात बोलावून घेतो.

यावर कोणी शंका काढलीच, तर मिस्त्री म्हणतात, "कायबी होत न्हाई ओ मालक." शेजारचा हेल्पर तेच कन्नडात म्हणतो, "एनू आगंगिल्ल, बिडरी." सीमेवर इतकं एकमत दुसऱ्या कुठल्याच प्रश्नावर झालेलं नाही.

आता वीज. प्लग कापून टाका, वायरी सोलून काड्यापेटीच्या काड्यांनी सॉकेटात कोंबा. अर्थिंगची वायर कुठे खुपसायची हे कळत नाही, म्हणून ती हिरवी वायर मागे दुमडून ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात खानापूरकडे एक झाड तारेवर पडलं की लाईट गेलीच. लाईट गेली की सगळे चहाला जातात आणि स्विच चालूच राहतो. मग कोणीतरी ब्लेडजवळ अडकलेली खपली बोटाने काढत असताना लाईट येते. यावर उपाय आहे: वीज गेली की सुटणारा आणि हाताने दाबल्याशिवाय परत न लागणारा स्टार्टर. येळ्ळूरच्या शिवारातल्या विहिरींवर बघा, मोटारीला तो असतोच. तिथे कारण आहे. मोटार जळली तर वाइंडिंगला पैसे पडतात. हात परत बांधून मिळत नसल्यामुळे त्याचा खर्चच येत नाही.

भुशाचंही कौतुक नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत टाकली. तोंडाला टॉवेल गुंडाळा आणि तंबाखूपुरता बाजूला करा.

अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या गृहस्थाने एक यंत्रणा काढली. फिरत्या ब्लेडला कातडी लागली की काही मिलिसेकंदांत ब्लेड थांबतं. हे दाखवायला तो ब्लेडला सॉसेज लावायचा. आपल्याकडे सॉसेज कुठे शोधत बसणार? त्या जागी नवीन लागलेला पोरगा असतो. गणपती आठवड्यावर आलेले, मंडळाच्या देखाव्याच्या फळ्या रात्री दोनला चिरायच्या, मिस्त्री झोपलेला. मशीनवर मग पोरगाच.

त्याचं काही झालंच, तर तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची असते. थेट बर्फात टाकला तर तो भाग खराब होतो. पण ही माहिती भिंतीवर लावू नका, गिऱ्हाईक घाबरतं. तुम्हाला महत्त्वाचं वेगळंच आहे. पोराचं नाव हजेरीपटावर नाही. तेव्हा बोट तुमच्या शेडमध्ये तुटलेलं नाही, ते मोटारसायकलच्या चेनमध्ये गेलं. दवाखान्यात तसंच सांगायचं हे त्याला वाटेतच पढवा, आणि त्याच्याकडे मोटारसायकल आहे का, तेवढं आधी विचारून घ्या.