आठ लाख सहा हजार भुतं

"मग यातला खरा आकडा कुठला?"

आज सकाळी सव्वादहाच्या मीटिंगमध्ये फायनान्सच्या मॅडमनी विचारलं. शांतपणे विचारलं, तेच जास्त लागलं. ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते, फिट्टंफाट.

डॅशबोर्ड म्हणतो, रात्रीच्या जॉबने (व्यवहारांचा डेटा अनेक मशीनवर वाटून आवरणारा आमचा स्पार्कचा प्रोग्राम) १,१२,०६,००० ओळी प्रोसेस केल्या, एक ओळ म्हणजे एक व्यवहार. टेबलात आहेत १,०४,००,०००. (शेवटचे फुटकळ आकडे खातेय, डोकं आधीच दुखतंय.) म्हणजे आठ लाख सहा हजार व्यवहार हवेत विरले. आणि "व्यवहार हवेत विरले" हे शब्द फायनान्सवाल्यांसमोर काढायचे नसतात, हे न कळणारा आमचा मॅनेजर तिथेच म्हणाला, "तू बघ ना जरा, क्विकली." हा "क्विकली" शब्द ज्याने मराठीत आणला त्याच्या घरी रोज रात्री अडीचला पेजर वाजो.

बसले बघायला. जॉब साडेतीनला संपलेला, म्हणजे त्याला हाकणारा ड्रायव्हर प्रोग्राम मेला आणि जॉब कसा चाललाय ते दाखवणारा ४०४० पोर्टवरचा यूआय त्याच्याबरोबरच सरणावर. इव्हेंट लॉग, म्हणजे जॉबची रोजनिशी, डीफॉल्टला बंद असतो, आम्ही तो चालू ठेवलाय, एवढं एकच पुण्य गाठीशी. ती रोजनिशी वाचून दाखवणारा हिस्टरी सर्व्हर उघडला. गोल फिरतंय. ऑफिसने दिलेल्या माझ्या मगमध्ये चहा आणला, प्यायले. गोल फिरतंय. तो मग विसळून आले. गोल फिरतंय. जॉब चालायला लागतो एक तास आणि तो कसा चालला हे कळायला अर्धा दिवस! शेवटी उघडलं एकदाचं, आणि स्टेजच्या, म्हणजे जॉबच्या टप्प्यांच्या, यादीत ती ओळ दिसली: स्टेज ७, रिट्राय १, टास्क ३१/३१.

एकतीस.

त्या स्टेजला डेटाचे ४०० तुकडे, म्हणजे पार्टिशन, प्रत्येकाला एक टास्क; एकेका पार्टिशनमध्ये सरासरी २६ हजार ओळी. करा एकतीसने गुणाकार. मी तोंडी केला आणि टेबलावर डोकं ठेवलं.

झालं होतं ते असं. पहाटे तीनच्या सुमाराला क्लाउडवाल्यांनी स्पॉटवरचं (स्वस्तात मिळणारं, पण कधीही परत मागितलं जाणारं) एक मशीन दोन मिनिटांची नोटीस देऊन काढून घेतलं. त्यावरच्या शफल फाइली, म्हणजे पुढच्या स्टेजला द्यायचा मधला माल, गेल्या, पुढच्या स्टेजला तो न मिळाल्याने फेच फेल्ड आला, आणि स्पार्कने मागच्या स्टेजची तेवढी ३१ टास्क गुपचूप पुन्हा चालवली. लिहिलेला डेटा चोख, एक ओळ इकडची तिकडे नाही. फक्त मॅपमध्ये (ओळीमागून ओळ बदलणारी पायरी) बसवलेल्या ॲक्युम्युलेटरने, म्हणजे मोजणाऱ्या काउंटरने, त्या ३१ टास्कच्या ओळी दोनदा मोजल्या. धान्य बरोबर पोत्यात गेलं, मापाडी तेवढा झोपेत मोजत होता.

आमच्या घरी कुकरचं हेच असतं. दोन शिट्ट्या होतात, सिलिंडर संपतो, नवा लावतो, पुन्हा चार होतात. नवरा म्हणतो चार झाल्या, सासूबाई म्हणतात सहा. वरण एकच, शिजलेलंही असतं, आणि तरीही जेवण होईपर्यंत भांडण.

डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ लिहिलंय म्हणे. ॲक्शनमधलं (शेवटी निकाल मागणारी पायरी) अपडेट एकदाच धरलं जाईल, ट्रान्सफॉर्मेशनमधलं (मॅपसारखी मधली पायरी) मात्र टास्क परत चालली तर परत धरलं जाऊ शकतं. लिहिलंय ना. सिगारेटच्या पाकिटावरही लिहिलेलं असतं. वरून एररही नाही, वॉर्निंगही नाही. मेला मुकाट्याने मोठा आकडा दाखवत बसतो, आणि मोठा आकडा बघून आजवर कुणी तक्रार केली आहे का?

एक गोष्ट राहिली. "ॲक्युम्युलेटर मॅपमध्ये वापरू नका" ही लाल अक्षरातली स्लाइड आमच्या टीमच्या ट्रेनिंगमध्ये आहे. ती मी केलेली आहे. दोन वर्षांपूर्वी नव्या पोरांना अर्धा तास त्यावर पिडलं होतं, आणि एकाने "पण असं कोण करेल?" विचारल्यावर हसलेही होते. मग एका रात्री अकरा वाजता कुणालातरी डॅशबोर्डवर "प्रोसेस्ड रो" हवं होतं, क्विकली, आणि मी काय केलं ते तुम्हाला कळलंच असेल.

तर आज ओरडायचा नैतिक अधिकार मला नाही. तरी ओरडणार, कारण बाकीच्या गोष्टी मी केलेल्या नाहीत.

पुशगेटवे मी नाही आणला. प्रॉमिथियस हा आकडे गोळा करणारा प्रोग्राम येऊन मेट्रिक, म्हणजे मोजलेले आकडे, उचलून नेणार, आणि आमचे छोटे जॉब चाळीस सेकंदांत आटपून चालते होणार, त्याची फेरी (स्क्रेप) एका मिनिटाने. पाहुणा येईपर्यंत घराला कुलूप. म्हणून मध्ये पुशगेटवे बसवला. जॉब जाताना त्याच्याकडे निरोप ठेवून जातो आणि हा पठ्ठ्या तो निरोप कुणी हाताने पुसेपर्यंत सांगतच राहतो. दिवाळीत एक जॉब तीन दिवस मेलेला होता. डॅशबोर्ड हिरवागार! सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचं नाव असतं तसं. शेवटच्या यशस्वी रनची वेळ वेगळी पाठवा आणि ती जुनी झाली की अलर्ट द्या, हा उपाय सगळ्यांना माहीत असतो. दिवाळीनंतर.

आणि स्पार्कच्या मेट्रिकचं नाव ॲप्लिकेशन आयडीने सुरू व्हावं हा डीफॉल्ट कुणाचा? रोज रात्री नवा आयडी, म्हणजे रोज रात्री नवं मेट्रिक. महिन्याचा ग्राफ मागितला तर ग्राफ काढणाऱ्या ग्राफानात तीस वेगवेगळ्या रंगांचे तीस ठिपके. रांगोळी घालायची होती का? नेमस्पेसमध्ये, म्हणजे नावाच्या त्या सुरुवातीत, ॲपचं नाव घाला की सुटतं, एका ओळीचं काम. ती ओळ घालायला आम्हाला सात महिने लागले, कारण कॉन्फिग दुसऱ्या टीमचं.

यूटीसीबद्दल, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेबद्दल, मी बोलणार नाही. बोलतेच. आमचा जॉब मंगळवारी पहाटे अडीचला चालतो, तेव्हा यूटीसीत सोमवारचे रात्रीचे नऊ वाजलेले असतात. मंगळवारचं काम सोमवारच्या खात्यात. दर महिन्याच्या एक तारखेला कुणीतरी नवा माणूस "आजचा रन मागच्या महिन्यात कसा?" विचारतो आणि मी साडेपाच तासांचं कीर्तन करते.

त्यात "काल ३.०७ जॉब फेल झाले" असा मेसेज. पॉइंट शून्य सात जॉब! इन्क्रीज हे प्रॉमिथियसचं वाढ मोजणारं फंक्शन कडेची मोकळी जागा अंदाजाने भरतं, मला माहीत आहे. पण वर मेसेज पाठवताना कुणाला राउंड करावंसं वाटू नये? आणि वीस एक्झिक्युटरचे (टास्क चालवणारे प्रोग्राम) वीस पी-९५ (९५ टक्के वेळा ज्याच्या आत काम होतं तो आकडा) घेऊन त्यांची सरासरी काढणाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही. तो आकडा कशाचाच नसतो. तरी रिसेप्शनजवळच्या टीव्हीवर तो मोठ्या अक्षरात फिरतो, आणि क्लायंट आले की त्यासमोर फोटो काढतात.

अलर्टचं तर सोडाच. मेट्रिक यायचंच बंद झालं तर अलर्ट येत नाही, कारण तुलना करायला काही उरलेलंच नसतं. त्यासाठी ॲब्सेंटचा वेगळा नियम लिहावा लागतो. तो मी लिहिला, पण ज्या चॅनेलवर येतो तो म्यूट आहे. माझ्याच फोनवर. मार्चपासून.

असो. दुपारी ॲक्युम्युलेटर काढून टाकला. आता लिहून झालेल्या पार्के फाइलींचाच काउंट घेते. फाइलींच्या फुटरमध्ये ओळींची संख्या असतेच, सगळा डेटा वाचावाही लागत नाही, काही सेकंदांचं काम. हे दोन वर्षांपूर्वीही करता आलं असतं. टेबल आणि डॅशबोर्ड जुळले. मॅडमना मेल टाकली: आकडा १,०४,००,०००, व्यवहार कुठेही गेलेले नाहीत, मोजणीत चूक होती.

त्यांचं उत्तर आलं, पुन्हा शांत: "ही चूक फक्त कालचीच की आधीपासूनची?"

म्हणून मागचे इव्हेंट लॉग काढले. आठवड्यातून दोन-तीनदा रिट्राय आहे. अगदी त्या महिन्यापासून, ज्या महिन्यात आम्ही खर्च वाचवायला स्पॉट मशीन घेतली. त्याच तिमाहीत डॅशबोर्डवर थ्रूपुट, म्हणजे उरकलेल्या ओळींचा आकडा, वाढलेलं दिसलं होतं. टाउनहॉलमध्ये स्लाइड लागली, टाळ्या वाजल्या, माझं नाव घेतलं आणि एक मग दिला. त्यावर इंग्रजीत "डेटा चॅम्पियन" लिहिलंय.

मॅडमना अजून उत्तर लिहिलेलं नाही. तिसरा चहा आणलाय, त्याच मगमध्ये.