ट्रॅक का दिला नाही: सातपुड्याच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

सातपुड्यात गाडी घेऊन मुक्कामी जायची तयारी कशी करावी, यावरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "ताई, परवानग्या, हंगाम आणि सामान यांतच लेख संपला. जीपीएस ट्रॅक मागितला तर तोही नाही. फोर बाय फोर हाताशी असताना पावसात जाऊ नका म्हणणं म्हणजे पोहायला शिकवायचं आणि पाण्यात उतरू द्यायचं नाही. खान्देशातलेच लोक खान्देशचं पर्यटन वाढू देत नाहीत." शेवटचं वाक्य मला लागलं, म्हणून सविस्तर लिहिते.

ट्रॅक, म्हणजे गेलेल्या वाटेची मोबाइलच्या नकाशावर उमटणारी रेष, मी विचार करूनच दिला नाही. चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या पायथ्याशी दगडगोटे आणि वाळू टाकत येतात. या थरात पाणी पटकन मुरतं. तापीचं पाणी जमिनीत मुरवण्याची (पुनर्भरणाची) मोठी योजना याच पट्ट्यासाठी मांडली गेली ती त्यामुळेच. पाणी मुरतं म्हणून नाले वर्षातला बराच काळ कोरडे असतात आणि मोबाइलच्या नकाशावर त्यांची पात्रं आयत्या रस्त्यासारखी दिसतात. रुंद, मोकळी, वर डोंगरापर्यंत जाणारी. गाडीवाल्याला मोह होणारच.

पण फेब्रुवारी-मार्चनंतर त्या पात्रात उतरून पायी चालून बघा. वळणावळणावर झिरे दिसतील. हात-दीड हात खोल खड्डा, भोवती गोटे रचलेले, ऊन आणि गुरं लागू नयेत म्हणून वर पळसाच्या फांद्या, शेजारी वाटी नाहीतर डबा. खाली पाणी थेंबाथेंबाने साचतं, बाई ते वाटीने काढून हंड्यात ओतते, थांबते, पुन्हा साचलं की पुन्हा काढते. एका हंड्याला किती वेळ जातो ते एकदा जवळ बसून बघा. दोन टनांची गाडी त्या झिऱ्याच्या कडेने नुसती गेली तरी वाळू आत ढासळते. मग त्या दिवशीचं पाणी गेलं, आणि खड्डा पुन्हा उकरायचं काम त्या बाईच्याच अंगावर.

मी ट्रॅक दिला तरी त्यावर हा झिरा दिसणार नाही, कारण मी गेले तेव्हा तो तिथे नसेल किंवा चार पावलं पलीकडे असेल. माझी रेष तशीच राहील आणि तिच्यावरून गाड्या येत राहतील. घरी बसून आखलेल्या रेषेवर विसंबून डोंगरात जाणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. म्हणून लेखात मी गावांची नावं दिली आणि पुढची वाट गावात विचारा म्हटलं. यंदा कुठल्या वाटेवर पेरणी झाली, कुठला उतार वाहून गेला, हे तिथल्या माणसालाच ठाऊक असतं. कागदी नकाशा हवाच असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा घ्या. तोरणमाळकडे जाणार असाल तर ४६ के, यावलच्या डोंगरासाठी ४६ ओ या मालिकेतली पत्रकं. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वाचता आल्या की चढ किती अंगावर येणार ते घरूनच कळतं, रेंजची गरज पडत नाही.

आता पावसाचं. तापीकाठापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत काळी माती आहे, केळी आणि कापूस तिच्यावरच उभा आहे. ही माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून जातात आणि खाचाच उरल्या नाहीत तर चारही चाकांना ताकद असून उपयोग नाही, चारही जागच्या जागी फिरतात. पण मला तुमच्या गाडीपेक्षा पाणंदीची काळजी जास्त आहे. ओल्या पाणंदीतून जीप गेली की फूटभर खोल दोन चाकोऱ्या पडतात. आठ-दहा दिवस ऊन पडलं की त्या विटेसारख्या कडक होतात. जीपच्या चाकांचं अंतर वेगळं, बैलगाडीचं वेगळं, त्यामुळे गाडीचं एक चाक चाकोरीत आणि एक वर, अशी ती कलती होऊन चालते. मोटारसायकलवर दुधाचे कॅन घेऊन निघालेला पोरगा तर आडवाच होतो. ती पाणंद पुन्हा सारखी व्हायला पुढचा पावसाळा यावा लागतो, आणि तेव्हा पुन्हा कुणीतरी 'मड'चा आनंद घ्यायला आलेलं असतं.

पुराचंही तसंच आहे. आपल्या नाल्यांची मुळं डोंगरात, काहींची मध्य प्रदेशच्या हद्दीत. तुमच्या डोक्यावर चांदणं असताना वर पाऊस झालेला असतो. अंतर कमी आणि उतार जास्त, म्हणून लोंढा बघता बघता खाली येतो. गुडघ्याच्या वरचं वाहतं पाणी जड गाडीलाही बाजूला सरकवू शकतं. पात्रात तंबू ठोकायचा नाही, हे मी जाड अक्षरात लिहिलं होतं आणि ते तसंच ठेवणार आहे.

परवानगीच्या भागाला तुम्ही 'घाबरवणं' म्हणालात. मला तो भाग लेखातला सर्वात उपयोगी वाटतो. यावल अभयारण्यात, म्हणजे पालच्या परिसरात, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय आत जाता येत नाही आणि आत गेल्यावर रस्ता सोडून गाडी हाकायचा प्रश्नच येत नाही. राखीव जंगलात विस्तव पेटवणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथे ग्रामसभेला अधिकार आहेत, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने अनेक गावांना त्यांच्या जंगलावरचे सामूहिक हक्कही मिळाले आहेत. म्हणजे 'मोकळं रान' म्हणून तुम्ही जिथे तंबू ठोकता, तिथे बहुतेक वेळा कुणीतरी मालक किंवा राखणदार असतोच. आदल्या दिवशी वनपालाला भेटा, गावात पोलीस पाटील किंवा सरपंचांना सांगा. तासाभराचं काम आहे. रात्री गाडी अडकली तर ट्रॅक्टर घेऊन येणारा माणूस याच ओळखीतून मिळतो.

मुक्कामाची जागा मागतानाही थोडं बघावं. दिवाळीनंतर पाड्यावर जाल तर घरामागे शेणाने सारवलेली सपाट गोल जागा दिसेल आणि तंबूला हीच बरी असं वाटेल. ते खळं आहे. तिथे ज्वारी मळली जाते. तंबूच्या खुंट्या ठोकल्या की सारवण फुटतं, दाणे भोकांत जातात आणि धान्यात माती येते. घरधनी भिडेपोटी नाही म्हणणार नाही, पाहुण्याला नाही म्हणायची तिथे रीत नाही. म्हणून आपणच पडीत जागा मागावी, किंवा खुंट्यांशिवाय उभा राहणारा घुमटी तंबू न्यावा आणि कोपऱ्यांवर दगड ठेवावेत. स्वयंपाक स्टोव्हवर. मोहाची फुलं पडायच्या दिवसांत तर उघड्यावर ठिणगीसुद्धा नको. सागाचा पाचोळा तेव्हा घोटाभर असतो, आणि मोह वेचणाऱ्या घरांची बरीचशी रोख कमाई त्या महिन्यात होते. अस्वलंही मोहाला येतात, म्हणून पहाटे एकट्याने झाडीत जायचं नाही.

तुम्ही 'प्रत्यक्ष ड्रायव्हिंगवर काहीच नाही' असंही म्हटलंत. ती तक्रार रास्त आहे, तेवढं इथे भरून काढते. डांबरावर टायरमध्ये ३२-३४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठेवत असाल तर दगडी चढावर २४-२५ पर्यंत उतरवा, पकड वाढते आणि दणके कमी बसतात. त्याखाली जाऊ नका. आपला दगड बसाल्टचा, फुटला की धारदार, आणि हवा फार कमी झाली की टायरची बाजू फुगून त्याच धारेवर घासते. तिथे कापलं गेलेलं टायर पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होत नाही. डांबरावर परत यायच्या आधी हवा भरायला कॉम्प्रेसर हवाच. उतारावर क्लच दाबून गाडी सोडू नका, लो रेंज (फोर बाय फोरमधली कमी वेगाची, जास्त जोराची गिअरजोडणी) आणि पहिला गिअर, ब्रेकवर पाय हलका. नाला ओलांडायच्या आधी काठी घेऊन स्वतः पायी जाऊन या, तळ बघा, समोरच्या काठावर चढायची जागा बघा.

दोरीबद्दल मात्र हात जोडून सांगते. अडकलेली गाडी ओढताना दोरी गाडीमागच्या, ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला अडकवू नका. तो तुटला तर गोळीसारखा उडतो आणि माणूस जागीच जातो. गाडीच्या चासीला पक्का बसवलेला हूक असेल तरच ओढा, दोरीवर मधोमध जाड गोधडी टाका, आणि दोरीच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. विंचची (गाडी ओढून काढायच्या चरखीची) तार अंजनाच्या किंवा सागाच्या खोडाला थेट बांधू नका, सालीत रुतते. रुंद पट्टा वापरा.

आणि पर्यटन वाढण्याबद्दल. ते वाढावं असं मला तुमच्याइतकंच वाटतं. पाड्यावर जेवण सांगा, मक्याची नाहीतर ज्वारीची भाकरी आणि उडदाची डाळ मिळेल. तिचे पैसे मोजून द्या. धडगावकडून येताना आमचूर घ्या, हंगाम असेल तर सीताफळं घ्या. जळगावातून सगळा किराणा भरून नेला आणि पाड्यावर फक्त प्लास्टिक टाकून आलो, तर गावाने आपलं स्वागत का करावं?

गाडीचा कस बघायची हौस असेल तर तीही चांगली आहे, मलाही आहे. त्यासाठी पायथ्याच्या गावात एखाद्या शेतकऱ्याचं बरड मागून घ्या, जिथे पीक येत नाही असं. दिवसाचं भाडं ठरवा. दगड, चढ, घसरडा मुरूम, सगळं एका जागी मिळतं, कुणाची वाट मोडत नाही आणि बरडाचेही चार पैसे होतात.

दिवाळीत निघणार असाल तर धनत्रयोदशीच्या आसपास अस्तंब्याच्या डोंगराकडचे रस्ते टाळा, यात्रेकरू रात्रभर पायी असतात. होळीआधी आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराचे दिवसही तसेच, रस्ता माणसांनी भरलेला असतो. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारी हा काळ उत्तम. तोरणमाळला तेव्हा रात्री चांगलीच थंडी असते, पांघरूण जास्तीचं घ्या. डिझेल शहाद्यातच टाकी भरून घ्या, लो रेंजमध्ये सरासरी निम्म्यावर येते. गाडी कोणती, किती जण आणि मुलं बरोबर आहेत का, ते खाली लिहा. त्याप्रमाणे गावं आणि मुक्काम सुचवते.