डब्यातला पालक आणि माझा ‘थोडा अभ्यास’

न्यू जर्सीहून प्रतिक्रिया पाठवणारे साहेब,

कारखान्यातून बंद डब्यात (कॅनमध्ये) येणाऱ्या पालकापेक्षा मंडईतली जुडी सरस, असं मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं : “मंडईतली भाजी दोन दिवस उन्हात पडलेली असते, डब्यातली ताजी असतानाच बंद होते. भावनेच्या भरात लिहिण्याआधी थोडा अभ्यास करत जा.” शिवाय फ्रोझन भाज्या, डब्यातली भाजी धुऊन घेणं आणि ‘शिजवल्यावर ताज्यातलंही जातंच’ असे तीन मुद्दे.

मतभेदाला माझी ना नाही. पण ‘थोडा अभ्यास’? होम सायन्स शिकून मी सासवडकडच्या एका कॅनिंग कारखान्यात नोकरी केली आहे, साहेब. मटारच्या हंगामात ब्लांचिंगचं, म्हणजे दाणे उकळत्या पाण्यातून काढण्याचं पाणी हिरवट होऊन गटाराला लागताना रोज दिसायचं. क जीवनसत्त्व आणि फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) दोन्ही पाण्यात विरघळणारी, त्या पाण्याबरोबर तीही जायची. मग डब्यात मिठाचं पाणी, वर झाकण आणि रिटॉर्टमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, 115 ते 121 अंश सेल्सिअस. मटार काय, पालक काय, आंबटपणा नाही. म्हणून बॉट्युलिझमच्या, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेच्या, जिवाणूचे बीजाणू मारायचे तर एवढी उष्णता द्यावीच लागते. त्यात हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं, म्हणून डबा उघडला की आत शेवाळी रंगाचे दाणे. हे मी पुस्तकात नंतर वाचलं, आधी बघितलं.

बरं, माझं राहू द्या. तुमच्याच अमेरिकी कृषी खात्याचा तक्ता उघडा. 100 ग्रॅम कच्च्या पालकात क जीवनसत्त्व 28 मिलिग्रॅम, डब्यातल्या निथळलेल्या पालकात 14च्या आसपास. फोलेट 194 मायक्रोग्रॅम, डब्यात साधारण निम्मं. ही पण भावनाच का?

एक मान्य करते. लोह, तंतू, बीटा-कॅरोटीन डब्यातही बऱ्यापैकी टिकतात. टोमॅटोतलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य तर डब्यातून अंगी जास्तच लागतं. पण टोमॅटो ही पालेभाजी नव्हे.

राहिलं ऊन. पालकातलं क जीवनसत्त्व उकाड्यात झपाट्याने उतरतं, हे मलाही ठाऊक आहे आणि आमच्या भाजीवाल्या मावशींनाही. उगीच नाही त्या जुड्यांवर ओलं गोणपाट टाकत. आणि उन्हातली भाजी घ्या असं मी लिहिलंय कुठे? देठ मोडून बघायचा. कडकन तुटला तर घ्यायची, लवला तर पुढे चालायचं. आईने हे आम्हाला परकऱ्या वयात शिकवलं. चाकवत, अंबाडी, राजगिरा, माठ, चुका यांवर तिने चार लेकरं वाढवली, एकालाही रक्तवाढीची गोळी लागली नाही. यातलं काय मिळतं हो तुमच्याकडे डब्यात?

फ्रोझनचा विषयच नव्हता, तो सोडून देते. शिजवण्याचं म्हणाल तर आमच्याकडे पालेभाजी अंगच्या पाण्यात परततात, उकडून पाणी ओतून देत नाहीत. आणि डब्यातली भाजी नळाखाली धुतली की मीठ कमी होतं, कबूल. पण उरलंसुरलं क जीवनसत्त्वही त्याच नळाखाली जातं.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा डब्यावरचं सोडियम नीट वाचून लिहा. तिथला आकडा अर्ध्या कपाचा असतो, अख्ख्या डब्याचा नव्हे.