गुराब म्हणजे तोफ चढवलेला मचवा नव्हे

“मराठ्यांना मोठी जहाजं बांधता येत नव्हती. मासेमारीच्या मचव्यांवर तोफा चढवून ते लढले, म्हणून इंग्रजांपुढे टिकले नाहीत.” हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. यातलं एकही विधान खरं नाही.

आधी मचव्यांचं बघू. मराठा आरमाराचे सरदार आंग्रे यांच्या गुराबेचं, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजाचं, वर्णन अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केलंय. दोन डोलकाठ्यांची गुराब १५० टनांपर्यंतची, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंद, बूड उथळ, आणि पुढे लांब निघालेली टोकदार नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. नाळेच्या बाजू मुद्दाम उघड्या ठेवलेल्या, म्हणजे समोरच्या लाटेचं पाणी आत न साचता वाहून जाई. नाळेमागच्या आडव्या भिंतीत झरोके, आणि त्यांतून थेट पुढे मारा करणाऱ्या ९ किंवा १२ पौंडी (म्हणजे तेवढ्या वजनाचा गोळा फेकणाऱ्या) दोन तोफा. मासे धरायला कोण असं बांधतं?

सोबतीला गलबतं. मोठ्यात मोठं गलबत साधारण ७० टनांचं, ४०-५० वल्ह्यांचं. वारा पडला की ती गुराबेला ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत, कारण तिथे त्याच्या तोफा कमी. मोठ्या युद्धनौकेसमोर आडवं उभं राहून तोफांना तोफांनी उत्तर देणं गुराबेला झेपणारं नव्हतं, हे मान्य. पण ती त्यासाठी बांधलेलीच नव्हती.

‘बांधता येत नव्हती’ म्हणणाऱ्यांनी कोकणातली एखादी खाडी ओहोटीला पाहावी. खोल बुडाचं जहाज तिथे रुततं, उथळ बुडाचं आत शिरून किल्ल्याच्या तोफांखाली उभं राहतं. १६७९ मध्ये मुंबईजवळच्या खांदेरी बेटाला इंग्रजांचा वेढा असताना मराठ्यांच्या होड्या रात्री रसद पोहोचवत राहिल्या. १६८० च्या जानेवारीत इंग्रज माघारी गेले. पुढे मुंबईच्या इंग्रजांनी स्वतःच्या आरमारातही गुराबा आणि गलबतं ठेवली.

राहिला पराभव. तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराने १७४९ मध्ये इंग्रजांचं ‘रिस्टोरेशन’ हे जहाज धरलं आणि १७५४ मध्ये ५०, ३६ आणि १८ तोफांच्या तीन डच जहाजांपैकी दोन जाळून तिसरं पकडलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये हे आरमार बुडालं ते भर समुद्रात नव्हे. विजयदुर्गाच्या बंदरात जहाजं एकमेकांना खेटून उभी होती. इंग्रज नौसेनानी वॉटसनच्या ताफ्याचा एक गोळा त्याच ‘रिस्टोरेशन’वर पडला आणि आग शेजारच्या जहाजांवर पसरत गेली. इंग्रज समुद्राकडून मारा करत होते तेव्हा जमिनीकडून, तुळाजीविरुद्ध इंग्रजांशी हातमिळवणी केलेल्या पेशव्यांची फौज आलेली होती.